वातानुकूलन : थंडावा किती आणि हवा किती?

होळी झाली की खानदेशात उसाच्या रसाची गुऱ्हाळे आणि एसीची दुकाने एकाच सुमारास गजबजतात. पूर्वी एसी म्हणजे फक्त बँकेच्या मॅनेजरची खोली किंवा शल्यचिकित्सकाचे ऑपरेशन थिएटर. आता तालुक्याच्या गावी कापड दुकान, पतसंस्था, मोबाईलचे दुकान, शिकवणी वर्ग, मुलांच्या अभ्यासिका, सगळीकडे एसी आला आहे. त्यात वाईट काही नाही. पारा ४३-४४ वर गेला असता बंद पत्र्याखाली आठ तास बसून काम करणे प्रकृतीला घातकच असते.

माझ्या परिचयाचे एक व्यापारी बसस्टँडजवळ इमारत बांधत आहेत. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर पतसंस्था व दातांचा दवाखाना, दुसऱ्या मजल्यावर चाळीस मुलांची अभ्यासिका. रक्तदाब तपासायला आले तेव्हा पिशवीतून तीन कोटेशने काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा, यातला कोणता घेऊ?" मी म्हणालो, "शेठजी, हा मेकॅनिकचा प्रश्न आहे." तरी कोटेशने चाळली. टन लिहिले होते, स्टार लिहिले होते, तांब्याची नळी किती फूट ते लिहिले होते, वॉरंटी होती. बाहेरची हवा आत कुठून येणार आणि किती येणार, याबद्दल तिन्ही कागदांवर एक अक्षर नव्हते. मग लक्षात आले की हा प्रश्न निम्मा तरी डॉक्टरचाच आहे. म्हणून या आठवड्याचा विषय.

एसी नेमके काय करतो?

सुज्ञ वाचकांना एक गंमत सांगतो. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात माणसांसाठी झालीच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद आकसत-फुगत असे व रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा काढणारे यंत्र योजले. म्हणजे पहिला लाभार्थी कागद! कागदाला श्वास घ्यावा लागत नाही. माणसाला लागतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

वातानुकूलनाची कामे चार : हवा थंड करणे, तिच्यातील जादा ओलावा काढणे, ती गाळणे आणि शिळी हवा काढून ताजी आत घेणे. आपण भिंतीवर लावतो तो स्प्लिट एसी पहिली दोन कामे उत्तम करतो, तिसरे जेमतेम करतो आणि चौथे करतच नाही. पुष्कळांचा असा समज असतो की बाहेरचा डबा बाहेरची हवा ओढतो व आतला डबा ती थंड करून सोडतो. तसे नाही. दोन डब्यांना जोडणाऱ्या नळ्यांमधून फक्त गॅस फिरतो. आतला डबा खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. सकाळी दहाला दार लावल्यावर जी हवा आत राहिली, तीच संध्याकाळपर्यंत फिरत राहते. दार उघडझाप झाली की थोडी बदलते, एवढेच. खिडकीतल्या जुन्या एसीला निदान बाहेरच्या हवेची एक छोटी झडप असे; तीही बहुधा कायम बंदच.

आता अभ्यासिकेचा हिशेब मांडून पाहू. खोली २० बाय ३० फूट, उंची १० फूट. म्हणजे ६,००० घनफूट, सुमारे १७० घनमीटर हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. आपण सोडतो त्या श्वासात ते सुमारे ४० हजार भाग. बसून काम करणारा मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चाळीस जणांचे झाले ७२० लिटर. खोली खरोखर घट्ट बंद असेल तर एका तासात हे प्रमाण ४२० वरून साडेचार हजारांच्या वर जाते. फटी असतात, दार उघडते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. पण एक हजाराच्या पुढे गेले की हवा पुरेशी बदलत नाही असे समजावे, हा सर्वसाधारण संकेत आहे.

एवढ्या प्रमाणात हा वायू विष नव्हे. घाबरून जाऊ नये. मात्र डोके जड होणे, जांभया, डोळे चुरचुरणे, दुपारनंतर लक्ष न लागणे अशा तक्रारी घेऊन बंद कार्यालयांतली माणसे माझ्याकडे येतात. चष्म्याचा नंबर तपासून झालेला असतो, रक्त तपासून झालेले असते. मी एकच प्रश्न विचारतो : "रविवारी दुखते का?" "रविवारी नाही दुखत साहेब." अशा वेळी गोळ्या लिहून देण्याआधी खिडकीची चौकशी करावी.

दुसऱ्याचा श्वास

पण डोकेदुखी ही किरकोळ बाब झाली. कार्बन डायऑक्साइड हे केवळ मोजमाप आहे. खोलीतली हवा किती वेळा कोणाच्या तरी फुफ्फुसात जाऊन आलेली आहे, हे त्यावरून कळते. आणि त्या कोणाच्या तरी फुफ्फुसात क्षयाचे जंतू असले तर?

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण एकट्या भारतात आहेत. क्षय हवेतून पसरतो हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात पक्के सिद्ध झाले. तिथे क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने गच्चीवरच्या पिंजऱ्यांकडे नेली होती. पिंजऱ्यांतील गिनीपिगांना रुग्णांचा अन्य कोणताही स्पर्श नव्हता. केवळ ती हवा घेऊन त्यांना क्षय झाला.

याच्या उलट बाजूचा दाखला तैवानचा आहे. तैपेई येथील एका विद्यापीठात क्षयाची साथ पसरली. सत्तावीस जणांना रोग झाला. कोंदट वर्गांत कार्बन डायऑक्साइड मोजला तर ३,२०० भागांपर्यंत! वर्गांत बाहेरची हवा खेळवून तो ६०० च्या आसपास आणला, आणि त्यानंतर संपर्कातल्या मुलांत नवे रुग्ण थांबले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णांवर औषधोपचार झालेच, परंतु अभ्यासकांनी हवा बदलण्याचा वाटा वेगळा काढून दाखवला आणि तो फार मोठा निघाला.

कोविडच्या काळातले उदाहरणही असेच. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील ग्वांगझू शहरातल्या एका एसी उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवत होती. एक जण बाधित होता. पुढे तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी पडले. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरून परत येत होता, आणि नंतर मोजले तेव्हा बाहेरची हवा माणशी सेकंदाला एक लिटरच्या आसपासच येत होती. लांबच्या टेबलांवरील लोक सुटले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरे व रुग्णालये सोडून इतर इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी, असे सुचवले आहे. हा आकडा वाचकांनी लिहून ठेवावा. कोटेशन घेताना टन विचारण्याआधी हा विचारावा.

टनाचा हिशेब

'टन' म्हणजे एसीचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. दुकानदार चौरस फुटांवरून टन सांगतो. ते घराच्या खोलीला ठीक आहे. माणसांनी भरलेल्या जागेला नाही. स्वस्थ बसलेला माणूस सुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चाळीस मुले म्हणजे चार किलोवॉट. एक टनाहून जास्त एसी तर केवळ मुलांच्या अंगची उष्णता काढण्यात खर्च होतो. वरचा स्लॅब, पश्चिमेची भिंत, दिवे, संगणक हे सगळे वेगळेच.

आणि ताजी हवा? ती फुकट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चाळीस जणांना माणशी १० लिटर म्हणजे तासाला १,४४० घनमीटर. बाहेर ४३ अंश असताना तेवढी हवा २५ अंशांवर आणायला सव्वादोन टनांच्या घरात जास्तीची क्षमता लागते. पावसाळ्यात बाहेरचे तापमान कमी असते, पण दमट हवेतले पाणी काढण्याचे काम त्याहूनही जड पडते. कोटेशनमध्ये ताजी हवा का नसते, याचे कारण इथे आहे. ती घातली की कोटेशन वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

यावर तोडगे आहेत. बाहेर जाणारी गार हवा व आत येणारी तापलेली हवा एकमेकींत न मिसळता शेजारून नेणारे उष्णता-विनिमय यंत्र मिळते. आत येणारी हवा त्यात आयतीच बरीच थंड होते. पतसंस्थेसारख्या रोज आठ तास चालणाऱ्या जागेत ते परवडते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मुळात उष्णता आतच येऊ न देणे. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा ताट्या. काचेची आख्खी दर्शनी भिंत करून मग एसी वाढवत नेणे ही आपल्या हवामानात निव्वळ हौस आहे.

कोणती पद्धत घ्यावी याचे उत्तर सगळ्या इमारतीला एकच असू शकत नाही. खालच्या गाळ्यांची दारे दिवसभर उघडझाप होत असतात, गिऱ्हाईक थोडा वेळ थांबते. तिथे साधा इन्व्हर्टर स्प्लिट चालेल, जोडीला एक छोटा एक्झॉस्ट पंखा. पतसंस्थेत कर्मचारी दिवसभर बसतात आणि पगाराच्या दिवशी गर्दी होते. तिथे छतातून हवा पसरवणारी डक्टची पद्धत मला अधिक पसंत आहे, कारण परतीच्या मार्गात जाळी व गाळणी लावून बाहेरची हवा मिसळता येते. छतातला चौकोनी कॅसेट एसी दिसायला सुबक असतो. त्यातील पुष्कळांना ताज्या हवेसाठी एक झाकलेले भोक ठेवलेले असते, पण त्याला वेगळी नळी व वेगळा पंखा जोडावा लागतो. तो जोडून द्यायचा आहे असे कागदावर लिहून घ्यावे. सर्व मजल्यांना मिळून एकच बाहेरचे यंत्र व अनेक आतले डबे अशीही पद्धत आता आली आहे. वीज वाचते, तरीही ताज्या हवेची सोय तिच्यात आपोआप येत नाही, ती वेगळी सांगावीच लागते.

बाहेरची हवा आत घेण्याचे तोंड कुठे ठेवायचे, याकडे घरमालकाने स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. संडासाच्या एक्झॉस्टशेजारी, स्वयंपाकघराच्या धुराजवळ किंवा जनरेटरच्या बोळात ते मुळीच नको. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. भारनियमनाच्या वेळी जनरेटर सुरू आणि त्याच बोळातून आत घेतलेली 'ताजी' हवा, यातून जीव जाऊ शकतो.

अभ्यासिकेसाठी मात्र माझे मत पुष्कळांना जुनाट वाटेल. मी शेठजींना मोठा डक्ट कूलर सुचवला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा कोरडी ठणठणीत असते. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, आणि ती सगळीच्या सगळी बाहेरची ताजी हवा असते. अट एकच, समोरच्या बाजूच्या खिडक्या उघड्या हव्यात. खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत दमटपणा साचतो आणि मग लोक कूलरला नावे ठेवतात. मृग लागला की कूलरचा उपयोग संपतो; तेव्हा खिडक्या आणि पंखे. कोकणात किंवा मुंबईला हा सल्ला चालणार नाही. तिथली हवा आधीच ओलसर.

दातांच्या दवाखान्याविषयी आणि एकूणच दवाखान्यांविषयी दोन शब्द. तपासणीच्या खोलीत एसी असावा. पण रुग्णांची बाहेर बसण्याची जागा बंद करून तिला एसी लावण्याची जी टूम निघाली आहे, ती मला साफ नापसंत आहे. खोकणारे आणि न खोकणारे तिथे तासतासभर शेजारी बसतात. त्या जागेला आरपार खिडक्या व पंखे यांइतके चांगले काही नाही. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांच्या रुग्णांना वेगळे ठेवण्याच्या खोलीची हवा तासाला किमान बारा वेळा बदलावी, असा दंडक आहे. भिंतीवरच्या स्प्लिटने ती एकदाही बदलत नाही.

एसीमुळे न्युमोनिया होतो, असे ऐकले आहे, खरे का? हा प्रश्न मला वारंवार विचारतात. त्याचे मूळ १९७६ च्या घटनेत आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर दोनशेच्या आसपास लोक अनोळखी न्युमोनियाने आजारी पडले व तीसच्या सुमारास दगावले. १९७७ च्या जानेवारीत त्याचा जंतू सापडला. संघटनेच्या नावावरून त्याला लीजनेला म्हणतात. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि मोठ्या मध्यवर्ती एसी संयंत्रांच्या पाण्याच्या कूलिंग टॉवरमधून तुषारांबरोबर उडतो. भिंतीवरच्या स्प्लिट एसीला असा टॉवर नसतो, त्यामुळे तिथे ही भीती बाळगू नये. मोठे हॉटेल किंवा रुग्णालय बांधणाऱ्यांनी मात्र पाण्याऐवजी हवेने थंड होणारे संयंत्र घ्यावे, किंवा टॉवरच्या पाण्याच्या नियमित शुद्धीकरणाचा करार आधी करावा आणि मग टॉवर घ्यावा.

जास्त टनाचा एसी घेतला की काम लवकर होते, हाही एक गैरसमज. साधा मोठा एसी खोली चटकन गार करतो आणि बंद पडतो. ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात अशा खोल्यांत गार पण ओलसर, कुबट वाटते आणि भिंतींना बुरशी धरते. दम्याच्या रुग्णांना ही बुरशी फार त्रास देते. इन्व्हर्टर यंत्राने हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

तापमान २४ ते २६ अंश पुरते. २०२० च्या जानेवारीपासून नवे स्टारवाले एसी सुरू केले की आपोआप २४ वरच यावेत असा नियम आहे. पण रिमोट हातात आला की आपला माणूस १८ वर नेतो! एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. झोत थेट मानेवर नको. आतली जाळी महिन्यातून दोनदा धुवावी; ती केवळ धूळ अडवते, जंतू नाही. 'जंतुनाशक', 'चांदीचा लेप', 'आयन' असल्या जादा वैशिष्ट्यांना पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे एका बऱ्या एक्झॉस्ट पंख्यात घालावेत. पंख्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते छापलेले असते. माणसे मोजा, प्रत्येकी ३६ घनमीटर धरा, आणि तेवढा पंखा बसवा. पंखा हवा बाहेर काढतो तेव्हा समोरच्या बाजूने आत यायला वाट हवी, हे विसरू नये.

सगळे बसवून झाल्यावर खरोखर हवा येते की नाही हे तपासायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर काही हजार रुपयांत मिळतो. घेताना एनडीआयआर पद्धतीचा आहे का ते विचारावे. फार स्वस्तातले मीटर वाटेल तो आकडा दाखवतात. पतसंस्थेच्या भिंतीवर घड्याळाशेजारी तो टांगावा. आकडा हजाराच्या पुढे दिसला की शिपायाने खिडकी उघडावी. बंद जागेत काम करणाऱ्या कोणालाही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. ती लगेच करावी. एकाचे निदान झाले की त्याच खोलीत बसणाऱ्या इतरांचीही चौकशी व्हायला हवी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कूलर घेणाऱ्यांना एक विनंती. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलरची टाकी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवावी. अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. हंगाम संपल्यावर टाकीत तळाला राहिलेले तांब्याभर पाणीही ओतून टाकावे.